स्टार्टर फिरत नव्हता, बिल लागलं ईसीयूचं

जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचून घ्या. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली ही 1.8 टर्बोची गाडी आपल्या संभाजीनगर-जालना पट्ट्यात अजूनही कधीमधी विक्रीला येते, आणि आधीच्या एखाद्या मालकाने तिला बाहेरचा अलार्म बसवलेला असू शकतो.

माझी गाडी एक दिवस चावी फिरवली तरी हूं की चूं करेना. हेडलाइट लख्ख, पण स्टार्टर फिरतच नव्हता. टो करून एका गॅरेजला नेली. त्याने लॅपटॉप जोडला, मान हलवली. "इमोबिलायझर लॉक झालंय, ईसीयू गेला. चाळीस हजार." इमोबिलायझर म्हणजे कंपनीची चोरी रोखणारी यंत्रणा, ईसीयू म्हणजे इंजिनचा कंप्युटर. संध्याकाळी गाडी चालू! जुना ईसीयू मागितला तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेला. बिल म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेला आकडा.

पावसाळ्यात पुन्हा तेच. या वेळी जालन्यातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यांनी स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं आणि चिकटपट्टीत गुंडाळलेला वायरींचा गुंता बाहेर ओढला. सगळ्या वायरी काळ्या; कंपनीच्या रंगीत असतात. मध्येच अलार्मचा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, सॉकेटची एक बाजू जळून तपकिरी झालेली. स्टार्टरची वायर तोडून यातून नेली होती. "हा ठोकून बसवला की गाडी चालू व्हायली," ते म्हणाले. मग वायपरखालचं झाकण काढून ईसीयू दाखवला. स्क्रूंवर वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली. "याला कोणी हातबी लावला नाही भाऊ. पैसे कशाचे घेतले त्यानं?"

बाहेरचा अलार्म आणि कंपनीचा इमोबिलायझर या दोन यंत्रणांची गल्लत करूनच असे गॅरेजवाले पैसे उकळतात. कंपनीचा इमोबिलायझर चावीच्या डोक्यातली चिप ओळखतो. ओळख पटली नाही तर या गाडीचं इंजिन चालू होऊन सेकंद-दोन सेकंदांत बंद पडतं आणि मीटरमध्ये पिवळा दिवा लुकलुकतो. स्टार्टर मात्र फिरतो. तो फिरतच नसेल आणि बॅटरी चांगली असेल, तर आधी बाहेरच्या अलार्मचा रिले, इग्निशन स्विच आणि खुद्द स्टार्टर तपासायला लावा. शिवाय ईसीयू आणि मीटरची जोडी जुळवलेली असते. दुसऱ्या गाडीचा ईसीयू नुसता खोचून भागत नाही, कोडिंग करावं लागतं. ते केलं का, कशाने केलं, हे तोंडावर विचारा.

गाडी बघायला जाल तेव्हा डॅशवर चिकटवलेला लाल एलईडी, लपवलेलं बटण आणि बॉनेटखालचा जादा सायरन शोधा. अलार्मच्या रिमोटच्या पाठीवरचा नंबर लिहून घ्या. मालकाला काही माहीत नसेल तर भावात तेवढं कमी करा.

मी पैसे यूपीआयने दिले होते, म्हणून निदान पुरावा आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गॅरेजवाला आता म्हणतो, ईसीयू बदलला नव्हता, "रिपेअर" केला होता. मातीत रुतलेल्या स्क्रूंचे फोटो माझ्याकडे आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. कागद तयार करायला दिलेत.