लेझरवर डायनीमा आणि घरी केलेले स्प्लाइस : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांचा हंगाम पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात सुरू होतो आणि मे संपता संपता आवरतो. गेल्या हंगामाच्या आरंभी मी माझ्या जुन्या लेझरवरील (ही एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी; २०१९ पासून तिचे अधिकृत नाव आयएलसीए असले, तरी आमच्या तोंडी ती अजून लेझरच आहे) किकर (बूम म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा खाली ओढून धरणारी दोरी) आणि आउटहॉल (शिडाचा खालचा कोपरा बूमच्या टोकाकडे ताणणारी दोरी) यांच्या मुख्य दोऱ्या बदलल्या. पॉलिएस्टर काढून बारा पदरी, बिनआवरणाची डायनीमा एसके७८ (फार मजबूत, न ताणणाऱ्या कृत्रिम तंतूची दोरी) घातली. किकरला ४ मिलिमीटर, आउटहॉलला ३. टोकांचे फासेही गाठी न मारता स्प्लाइस करून, म्हणजे दोरीचे शेपूट तिच्याच पोटात ओवून घेतले.

दोरीविषयी माझी तक्रार जवळजवळ नाही. ताण आला की पॉलिएस्टर लांबते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर शिडाचा आकार बिघडतो. डायनीमाने तो प्रकार थांबवला. पहिल्या तीन-चार खेपांत वीण घट्ट बसेपर्यंत दोरी बोटभर लांबली, त्यानंतर तिने माप सोडले नाही. ती पाणी पीत नाही, पाण्यावर तरंगते. मात्र ती इतकी गुळगुळीत असते की क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या चापात) नीट धरत नाही, म्हणून हाताशी येणारी ओढदोरी मी जुनीच, आवरणाची ठेवली.

चूक झाली ती माझ्या स्प्लाइसमध्ये. पहिल्या फाशाचे शेपूट मी दोरीच्या पोटात जेमतेम १२ सेंटीमीटर घातले आणि जमिनीवर सर्व शक्तीनिशी ओढूनही ते हलले नाही म्हणून खूश झालो. फेब्रुवारीतल्या एका शर्यतीत, सुटण्याआधीची मिनिटे शीड फडफडवत काढली आणि नंतर किकर ओढला, तर बूम थेट वर उसळला. ताण असताना बाहेरची वीण आतल्या शेपटाला आवळून धरते. दोरी सैल पडून हिसके बसू लागले की हीच पकड सुटते आणि शेपूट तसूतसूने बाहेर येते. बारा पदरी दोरीसाठी व्यासाच्या ७२ पट लांबी आत घालावी, हा प्रचलित हिशेब मला आधीपासून ठाऊक होता. म्हणजे ४ मिलिमीटरला सुमारे २९ सेंटीमीटर. आळस केला, दुसरे काही नाही.

आता मी आधी ब्रुमेल घालतो, म्हणजे दोरी स्वतःतूनच आरपार ओवून फासा अडकवतो, आणि मग दुमडलेल्या बारीक पोलादी तारेने शेपूट आत ओढतो. शेवटच्या वितभर भागातले पदर एक-एक करून कापल्याने दोरी हळूहळू निमुळती होते. असे न केल्यास शेपूट संपते तिथे गाठोडे दिसते आणि दोरी नेमकी तिथेच कमजोर पडते. शेवटी फाशाकडून टोकाकडे चिमटीने वीण सरकवत नेली की सुरकुत्या जातात, आणि मेणदोऱ्याचे पाच-सहा टाके घातले की काम संपते. स्प्लाइस केलेली दोरी आखूड होते, हे माप घेताना विसरू नये. माझा आउटहॉल यापायी दोनदा वाया गेला. कापण्यासाठी धारदार कात्री लागते, घरातली कात्री नुसती घसरते.

मार्चपर्यंत, पुलीवरून वळण्याच्या जागी किकरच्या दोरीवर लव आली. थोडी लव चालते, पण आमच्या बंदरातल्या गढूळ पाण्याचा बारीक गाळ विणीत शिरून आतले तंतू घासतो, म्हणून दर खेपेनंतर गोड्या पाण्याने धुणे मी चुकवत नाही. दोन्ही टोकांना एकाच मापाचे फासे असल्याने एप्रिलमध्ये दोरी उलटी फिरवून घेता आली. ही युक्ती सुचली नसती, तर नवी दोरी घ्यावी लागली असती.

पायपट्ट्याची (होडीबाहेर झुकताना पाय अडकवायच्या पट्ट्याची) दोरी मात्र पुन्हा गाठीवर आणली आहे. तिची लांबी मी वाऱ्यानुसार बदलतो आणि स्प्लाइस भर पाण्यात सोडता येत नाही. उघड्या डायनीमावर बोलाइन (फासा करण्याची नेहमीची गाठ) घसरते, त्यामुळे तिथे साधी पॉलिएस्टरच वापरतो.