सिंक्रो-कॉम्पुर शटर घरी उघडलं, त्याला आता आठ महिने झाले

कॅमेरा आग्फा आयसोलेट थ्री, घडीचा जुना फिल्म कॅमेरा. पुढे सोलिनार ७५ मिमी भिंग, आणि त्याच भिंगात पातळ पात्यांचं हे सिंक्रो-कॉम्पुर शटर. एका संध्याकाळी १ सेकंदावर बटण दाबलं, पाती उघडली आणि मिटेचनात. वरचे, म्हणजे जलद, वेग ठणठणीत होते, म्हणजे मुख्य स्प्रिंग शाबूत. दुखणं संथ वेगांच्या गिअरमध्ये.

एका दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा दोन महिने ठेवून घेतला आणि 'तेल सुकलंय, पार्ट मिळत नाहीत' म्हणून परत दिला. डब्याला मी लावलेली चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. तेल सुकलंय तर पार्ट कशाला हवेत? त्या संतापात मीच पेचकस घेऊन बसलो.

पहिल्या खेपेला आळस केला. समोरची भिंगं आणि कॅम रिंग (वेग ठरवणारी खाचांची कडी) काढली, गिअरवर लायटर फ्लुइड सोडलं, वीसेक वेळा शटर चालवलं. १ सेकंद लगेच नीट! तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांना मी हाच उपाय सांगितला. तो सल्ला मी मागे घेतो. तीन महिन्यांत शटर पुन्हा अडकलं, आणि या वेळी पात्यांवर तेलाचा तवंगही दिसला. फ्लुइड जुनं तेल विरघळवतं, पण बाहेर नेत नाही. ते उडून गेलं की तोच चिकटा गिअरच्या आसांवर परत बसतो, आणि थोडा ओघळून पात्यांत शिरतो. ती पाती इतकी पातळ की तेलाच्या पुसट थरानंही एकमेकांना धरून बसतात.

दुसऱ्या खेपेला गिअरचा संच सुटा केला. तो काढण्याआधी त्याच्या कडेनं सुईनं रेघ ओढा, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. संच केसभर सरकला तरी संथ वेग बदलतात. फ्लुइडच्या वाटीत तो तीनदा बुडवला. तिसऱ्यांदा तळाशी काळं काही उरलं नाही. पाती धुऊन पूर्ण कोरडी केली, त्यांना तेल अजिबात नाही. गिअरच्या आसांना सुईच्या टोकावर मावेल एवढंच घड्याळाचं तेल.

जोडताना सगळा जीव कॅम रिंगमध्ये अडकतो. खालच्या पट्ट्यांच्या पिना तिच्या खाचांत एकाच वेळी बसाव्या लागतात. तीनदा रिंग बसल्यासारखी वाटली, पण एका बाजूनं किंचित उचललेली होती. तिथं जोर लावला असता तर पिन वाकली असती. चौथ्यांदा चिमट्यानं एकेक पिन हलवून पाहिली, तेव्हा रिंग आपोआप खाली बसली. पुढचं भिंग अनंतावर, म्हणजे फार दूरच्या वस्तूवर, नेमकं लावायला मागच्या फिल्मच्या जागी घासलेली काच धरली. त्यात फार वेळ गेला नाही.

वेग मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमनं चित्रित करून मोजतो. १ सेकंदाला परवा २५१ फ्रेम भरल्या, म्हणजे साधारण १.०५ सेकंद. निगेटिव्हवर हा फरक दिसतही नाही. १/५०० मात्र असा मोजता येत नाही, तो वेळ एका फ्रेमहूनही कमी.

आणि तो आवाज! आधी घरघरत मध्येच थांबायचा, आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी 'झर्रर्र'. फिल्म नसतानाही दिवसातून एकदा ऐकतो.

शटरवरची 'व्ही' ही सेल्फ टायमरची खूण मात्र लावत नाही. टायमरचा गिअर वेगळा, तो मी अजून धुतलेला नाही. मध्येच अडकला तर सगळं पुन्हा उघडावं लागेल.