हीटर होजची गळती: स्क्रूचा क्लॅम्प की स्प्रिंगची क्लिप?
गाडीच्या फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) हीटर होजच्या, म्हणजे केबिनच्या हीटरला गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नेणाऱ्या रबरी नळीच्या जोडावर कूलंटचा पांढरट थर दिसला की बहुतेक जण स्क्रूचा क्लॅम्प लावून मोकळे होतात. स्वस्त आहे, कुठेही मिळतो, स्क्रूड्रायव्हरने बसतो. पण तापून-गार होऊन रबर दबतं, क्लॅम्प मात्र जागचा हलत नाही. मग पुन्हा थेंब. आणखी पिळलात तर पट्टीच्या खाचा रबरात रुततात, आतला पाइप प्लास्टिकचा असेल तर तडाही जातो.

स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर आकसते-फुगते, दाब टिकवते. बसवताना पकड निसटून बोटं सोलतात खरी, तरी माझं मत तिलाच. माप तेवढं अचूक हवं.

होजचं टोकच कडक होऊन चिरलं असेल तर दोन्ही फुकट. लांबी पुरत असेल तर टोक कापा, नाहीतर होज बदला. तेही इंजिन पूर्ण गार झाल्यावर.