तंबाखू ओढायचा पाइप घेताना कोणतं माप बघायचं: १६, १९ की २२ मिलिमीटर?

दोन पाइप शेजारी ठेवा. दोन्ही सरळ बिलियर्ड घाटाचे, लांबी १४ सेंटिमीटर, बाऊलची (तंबाखू भरायच्या वाटीची) उंची ४८ मिलिमीटर, बाहेरून रुंदी ३४ मिलिमीटर. काचेच्या कपाटात जुळे भाऊच वाटतील. पण एकाची भिंत ९ मिलिमीटर जाड आहे आणि आतली पोकळी १६ मिलिमीटरची. दुसऱ्याची भिंत ६ ची, पोकळी २२ ची. खोली दोन्हींची ४० धरली तरी दुसऱ्यात जवळपास दुप्पट तंबाखू मावते. एकच तंबाखू दोन्हींत भरली तर चवीत फरक पडतो, वेळेत पडतो, आणि जीभ पोळायची असेल तर कुठल्या पाइपात कशामुळे पोळेल तेही बदलतं.

म्हणून ‘मोठा पाइप घेऊ की लहान’ हा प्रश्न बाहेरून बघून सुटत नाही. आधी पोकळीचा व्यास, मग खोली, मग भिंतीची जाडी बघायची. लांबी आणि वजन शेवटी, तेही पाइप हातात धरणार की दातांत यावरून ठरवायचं.

किती मावतं, किती वेळ चालतं

बाजारातले बहुतेक पाइप तीन गटांत बसतात. लहान म्हणजे १६ मिमी व्यास आणि ३२ मिमी खोली: साडेसहा घन सेंटिमीटरच्या आत जागा, सैलसर कापाची सव्वा ग्रॅम तंबाखू, पंचवीस-तीस मिनिटं. मध्यम म्हणजे १९ बाय ४०: सव्वाअकरा घन सेंटिमीटर, सव्वादोन ग्रॅम, पाऊण ते एक तास. मोठा म्हणजे २२ बाय ४५: सतरा घन सेंटिमीटर, साडेतीन ग्रॅम, सव्वा ते दीड तास. वेळ हळू ओढणाऱ्याची धरली आहे. घाईने ओढणारा मोठा पाइपही चाळीस मिनिटांत संपवतो. उलट, स्लो स्मोकिंगच्या स्पर्धांत प्रत्येकाला ३ ग्रॅम तंबाखू आणि दोनच काड्या मिळतात, आणि तेवढ्यावर पट्टीचे स्पर्धक दोन-तीन तास विस्तव जिवंत ठेवतात.

इथेच निकोटिनचं बघून घ्यायला हवं. पाइपचा धूर फुप्फुसात ओढत नाहीत, पण निकोटिन तोंडातल्या त्वचेतूनही रक्तात उतरतं. साडेतीन ग्रॅमचा बाऊल सव्वा ग्रॅमच्या जवळजवळ तिप्पट आहे. बर्लीसारखी कडक तंबाखू, रिकामं पोट आणि २२ चा पाइप एकत्र आले की घाम फुटतो, उचकी लागते, मळमळतं, गरगरतं. अशा वेळी बाऊल संपवण्याचा हट्ट धरू नये. पाइप बाजूला ठेवून बसावं, पाणी प्यावं, काहीतरी गोड खावं. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर पाइपनेही होतो, आणि बाऊल मोठा झाला की धुराची मात्राही वाढते. जो ओढत नाही त्याला इथे पाइप घ्यायला सांगत नाही. जो ओढतोच आहे त्याने माप तरी समजून घ्यावं. घरातल्या माणसांचाही विचार करा. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक जागी ओढायला मनाई आहे, म्हणजे हा दीड तास बहुधा तुमच्याच गॅलरीत जाणार आणि धूर आतल्या खोलीत.

व्यास: विस्तव कसा वागतो

झुरका तेवढाच असला तरी १६ च्या पोकळीतून हवा २२ च्या मानाने १.९ पट वेगाने जाते, कारण पोकळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ त्या प्रमाणात लहान आहे. लोहाराच्या भात्याचं जे होतं तेच इथे होतं. अरुंद पाइपात जोराने ओढलं की छोटासा निखारा लगेच लालबुंद होतो, धूर गरम येतो आणि जिभेच्या शेंड्याला चटका बसतो. हळू ओढलं तर मात्र हाच पाइप सगळ्यात स्वच्छ चव देतो. निखारा लहान आणि एकवटलेला असतो, धूर बारीक धारेने येतो आणि तंबाखूची मूळ गोडी कळते.

रुंद पाइपात विस्तव पसरतो. दर झुरक्याला धूर जास्त मिळतो, तो भरदार लागतो आणि तीन-चार प्रकारच्या पानांचं मिश्रण एकाच वेळी जळत असल्याने चवीचे थर एकत्र येतात. इथली खोड वेगळी आहे. विस्तव मधोमध खाली उतरतो आणि कडेची तंबाखू न जळता तशीच राहते. वरून बघितलं तर मध्ये विहीर पडलेली दिसते. मग लोक वरून पुन्हा काडी लावतात, कडेला आच लागत नाही, ओढ वाढते आणि पाइप तापतो. विहीर दिसली की टँपरने (तंबाखू दाबायच्या दांडीने) मधे दाबू नका. कडेची तंबाखू हलक्या हाताने मधे लोटा, राख सारखी करा, आणि मगच काडी लावताना ज्योत गोल फिरवा. २२ च्या पाइपाला पहिल्यांदा पेटवतानाही दोन काड्या लागतात. पहिलीने वरचा थर फुगून वर येतो, तो दाबायचा, मग दुसरी. १६ ला बहुतेक वेळा एक पुरते.

१९ चा पाइप या दोन्ही खोडी माफक प्रमाणात करतो आणि दोन्ही माफ करतो. नवशिक्याला ‘आधी लहान पाइप घे’ असं सर्रास सांगितलं जातं. तो सल्ला चुकीचा आहे. लहान पाइपात भरताना बोटाचा अंदाज जरा चुकला की ओढ बंद पडते, आणि नवशिक्याला हळू ओढायची सवय नसते, म्हणजे पहिल्याच आठवड्यात जीभ पोळलेली. पहिला पाइप १९ चाच असावा, फार तर १८ चा.

तंबाखूचा काप बघून

व्हर्जिनिया फ्लेक, म्हणजे दाबून वडीसारखी केलेली आणि चकत्या पाडलेली तंबाखू, अरुंद आणि उभ्या पोकळीत उत्तम जळते. १६ ते १८. एक चकती उभी दुमडून सैलसर खोचली की पुरे. हीच चकती २२ मध्ये घातली तर कडेला पोकळी राहते आणि विस्तव विझत राहतो. तिथे फ्लेक चोळून मोकळा करूनच भरावा लागतो.

लटाकिया (धुरी देऊन वाळवलेली तंबाखू) घातलेली इंग्लिश किंवा बाल्कन मिश्रणं २० च्या पुढे खुलतात. धुराचा वास, ओरिएंटल पानाचा आंबूस गंध आणि व्हर्जिनियाचा गोडवा सोबत यायला जळणारा भाग मोठा लागतो. लटाकियाचा वास भिंतीत मुरतो, म्हणून तिच्यासाठी पाइप वेगळा ठेवा. सुगंधी, पाक घातलेल्या तंबाखूला व्यासापेक्षा कमी खोली आणि जाड भिंत महत्त्वाची. ती ओलसर असते आणि तळाशी पाणी करते.

किसेरू या जपानी पाइपाचा बाऊल तर करंगळीच्या पेराएवढाही नसतो आणि दोन-तीन झुरक्यांत रिकामा होतो. ते चालतं, कारण तिथली तंबाखू केसासारखी बारीक चिरलेली असते. काप आणि माप एकमेकांना धरूनच वाढले आहेत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या मातीच्या पाइपांचे बाऊल अगदी चिमुकले होते, कारण तंबाखू महाग होती. ती स्वस्त झाली तसे बाऊल मोठे होत गेले.

खोली आणि ओल

तंबाखू जळताना वाफ तयार होते. ती खालच्या न जळलेल्या तंबाखूतून जाताना थंड होते आणि तिथेच थांबते. पोकळी जितकी खोल, तितका शेवटचा थर ओला. ३२ ते ३५ खोलीत हे फारसं जाणवत नाही. ४५ च्या पुढे शेवटचे दहा मिलिमीटर कडवट लागतात आणि नळीत गुडगुड ऐकू येते. गुडगुड आली की पाइप क्लीनर (लवदार धागा गुंडाळलेली लवचिक तार) नळीतून सरकवत थेट पोकळीच्या तळापर्यंत न्यायचा, दहा सेकंद तसाच ठेवून काढायचा. तरी कडू लागलं तर उरलेली ओली तंबाखू टाकून द्यायची. तिला पुन्हा पुन्हा पेटवण्यानेच तळाचं लाकूड करपतं.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे दुप्पट त्रासदायक होतं, कारण उघड्या डब्यातली तंबाखू हवेतली ओल ओढते. चिमूट दोन बोटांत दाबून बघा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. हळूहळू उलगडली तर योग्य. कुरकुरली तर जास्त वाळली. ओली असेल तर कोऱ्या कागदावर पसरून वीसेक मिनिटं ठेवा आणि पुन्हा दाबून बघा. खोल पाइपसाठी ती नेहमीपेक्षा थोडी जास्तच वाळवावी, उथळ पाइप जरा ओलसरही चालवून घेतो.

भरताना तीन टप्पे. पहिल्यांदा सैल सोडून काठोकाठ भरा आणि अगदी हलकं दाबून निम्म्यावर आणा. पुन्हा काठोकाठ भरून पाऊणवर आणा. तिसऱ्यांदा भरून काठाच्या किंचित खाली दाबा. न पेटवता ओढून बघा: स्ट्रॉने सरबत ओढताना लागतो तेवढाच जोर लागायला हवा. लहान पाइपात दोन टप्पे पुरतात.

मोठा पाइप घेऊन निम्मा भरायचा, म्हणजे दोन्ही कामं होतील, हा हिशेब बऱ्याच जणांच्या मनात असतो. तो जमत नाही. निम्मा भरला तरी व्यास तोच राहतो, म्हणजे विस्तव मोठ्या पाइपासारखाच वागतो. फक्त वेळ कमी होतो. शिवाय ज्योत आत खोलवर ओढावी लागते आणि आतली वरची भिंत उघडी भाजते.

केक बसला की माप बदलतं

हे दुकानात कुणी सांगत नाही. ब्रायरच्या (एका झुडपाच्या मुळाशी मिळणाऱ्या कठीण लाकडाच्या) पाइपात वापराने कार्बनचा थर बसतो, त्याला केक म्हणतात. लाकूड वाचवायला तो हवाच, एक-दीड मिलिमीटर. पण दीड मिलिमीटरचा थर दोन्ही बाजूंनी व्यास खातो: १६ चा पाइप १३ चा होतो आणि मावणारी तंबाखू एक तृतीयांशाने कमी होते. २२ चा १९ होतो, आणि तो मोजमापात उत्तम पाइप आहे. म्हणून लहान पाइपाचा केक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवरच रोखा: दर वेळी ओढून झाल्यावर क्लीनरने किंवा कागदाच्या सुरळीने आतली भिंत पुसा. थर फार जाड झाला तर तापल्यावर तो लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि बाऊलला तडा जातो. अगदी लहान पाइप हवाच असेल तर मीरशॉमचा बघा. त्या दगडाला केक लागत नाही, आतून पुसत राहिलं की माप तेवढंच राहतं.

भिंत, वजन, लांबी

भिंत ६ मिलिमीटरपेक्षा पातळ नको, ७-८ असली तर उत्तम. बाऊल मुठीत धरवेनासा झाला की पाइप खाली ठेवायचा, माप कोणतंही असो. दातांत धरून काम करायचं असेल तर सरळ पाइप ३५ ग्रॅमपर्यंत, वाकडा पाइप ५० पर्यंत चालतो. वाकड्याचा भार हनुवटीखाली येतो म्हणून जबड्याला कमी जाणवतो. ६० च्या पुढचा हातातच धरायचा. मक्याच्या कणसाचे पाइप या हिशेबाबाहेरचे आहेत, ते मोठे असूनही हलके असतात.

लांब नळीच्या चर्चवॉर्डनमध्ये धूर सौम्य लागतो आणि डोळ्यांत जात नाही. पण तेवढ्या लांबीवर जड बाऊल पेलत नाही, म्हणून बाऊल बहुधा लहानच असतो. पंधरा सेंटिमीटरचा नेहमीचा क्लीनर त्याला पुरत नाही, तीस सेंटिमीटरचे वेगळे घ्यावे लागतात. ९ मिलिमीटरचा फिल्टर हवा असेल तर त्याला शँक (बाऊलला जोडलेला नळीचा भाग) जाड लागतो, म्हणून अगदी नाजूक पाइपात तो मिळणार नाही.

मोजायचं कसं

व्हर्नियर कॅलिपर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर २०११ च्या मालिकेतली नाणी घ्या: पन्नास पैशांचं १९ मिलिमीटर, रुपयाचं साधारण २२. नाणं बाऊलच्या काठावर आडवं ठेवा. पोकळी पूर्ण झाकली तर व्यास त्यापेक्षा कमी, नाणं आत घसरू लागलं तर जास्त. २०१९ नंतरचं रुपयाचं नाणं २० मिलिमीटरचं आहे, त्याची गल्लत करू नका. खोलीसाठी काडी तळाला टेकवून काठाशी खूण करा. व्यास तोंडाशी मोजला जातो, पण डब्लिन घाटात पोकळी खाली निमुळती होत जाते, तिथे वर २० आणि तळाशी १४ असू शकतं. खोल पाइपाच्या ओलीचा त्रास होणाऱ्याला हा निमुळता घाट सोयीचा, कारण तळाशी तंबाखूच कमी उरते.

नंबरांवर जाऊ नका. डनहिलच्या चार आकड्यांत पहिला आकडा आकारमान सांगतो, बाकी कंपन्यांचे नंबर त्यांचे त्यांचे. एकाचा ‘चार’ दुसऱ्याच्या ‘चार’शी जुळत नाही.

आता निवड. रोज अर्धा तास मिळतो आणि फ्लेक आवडतो: १७ बाय ३५, जाड भिंतीचा. रविवारी निवांत बसून लटाकिया: २१ किंवा २२, पण खोली ४० च्या आत. एकच पाइप ठेवायचा: १९ बाय ३८, वजन ४० ग्रॅमच्या आसपास. मन ठरत नसेल तर ब्रायरचे पैसे खर्च करण्याआधी कणसाचे दोन पाइप घ्या, एक अरुंद, एक रुंद. एकाच डब्यातली तंबाखू एकाच दिवशी वाळवून एक दिवसाआड दोन्हींत ओढा, आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहून ठेवा: किती काड्या लागल्या, तळाशी किती ओली तंबाखू उरली, दुसऱ्या दिवशी सकाळी जीभ कशी होती. चार-चार बाऊलनंतर कागदावर उत्तर दिसेल.