धुण्याच्या मशीनचे ३०० पौंड, १४ महिन्यांनंतर

कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायची सवय आईची. इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, दूधवाला येत नाही, त्यामुळे खाडेही नाहीत, पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर चार आठवड्यांनी मी एक आकडा लिहिते. सुरुवात ३०० ला झाली होती. परवा ६० लिहिला.

हा आकडा सरकारी बजेटिंग लोनचा, म्हणजे भत्त्यावर जगणाऱ्यांना मिळणाऱ्या बिनव्याजी कर्जाचा. ओळखीच्या दोघी-तिघींनी विचारलं, "घ्यावं का गं?" आणि मी दर वेळी "बघ बाई, तुझं तू" म्हणून सुटका करून घेतली. म्हणून आता सविस्तर.

मी ६८ वर्षांची, एकटी. लग्न होऊन सांगलीहून आले तेव्हा इथल्या होजिअरीच्या कारखान्यांत काम मिळत होतं. मुलं लहान असताना घरी बसून नगावर शिवण केली. पैसे रोख मिळायचे, त्यामुळे नॅशनल इन्शुरन्सचा स्टॅम्प, म्हणजे पेन्शनसाठीचा सरकारी भरणा, पडला नाही. पूर्ण सरकारी पेन्शनला भरण्याची ३५ वर्षं लागतात, माझी २४ भरली. उरलेला खड्डा पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांचा सरकारी भत्ता, भरून काढतं. एकट्या माणसाला आठवड्याला २१८.१५ पौंड होतील इतकी भर, हा २०२४-२५ चा आकडा. २०२५-२६ मध्ये २२७.१०. कायद्यात याला किमान हमी म्हणतात. भाडं हाउसिंग बेनिफिटमधून जातं, म्हणून तेवढ्यात चालतं. मोडतोड झाली की चालत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरअखेर मशीन बंद पडलं, तेही आत रजईची खोळ आणि पाणी असताना. दार उघडेना. शेवटी खालचं झाकण काढून तांब्या-तांब्यानं पाणी उपसलं. दोन आठवडे बाथटबमध्ये चादरी टाकून पायानं तुडवल्या, कृष्णेच्या घाटावर तुडवायचो तशा. तेव्हा गुडघे १६ वर्षांचे होते.

बाजूला ६०० पौंड होते, पण त्यांना हात लावायचा नव्हता. ते तिकिटाचे. थोरला भाऊ ८० च्या पुढे आहे. रात्री-बेरात्री फोन आला तर उद्याच्या विमानाला लागतील तेवढे घरात हवेतच. परदेशात ज्यांचं कुणी म्हातारं माणूस मागे आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आठवड्याच्या हप्त्यानं वस्तू देणाऱ्या एका दुकानातही जाऊन आले. हप्ता ऐकायला गोड होता. घरी येऊन गुणाकार केला, तर २३९ पौंडांचं मशीन जवळजवळ दुपटीला पडत होतं. अशा दुकानांनी कर्जाचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त लावू नये, असा नियम २०१९ पासून आहे. म्हणजे दुप्पट लावलं तरी ते कायद्यातच बसतं!

बजेटिंग लोनचं मला शेजारच्या गुजराती बेननं सांगितलं. पेन्शन क्रेडिटसारखा भत्ता किमान २६ आठवडे चालू हवा. कमीत कमी १०० पौंड, जास्तीत जास्त एकट्याला ३४८, जोडप्याला ४६४, मुलांसाठीचा भत्ता, म्हणजे चाइल्ड बेनिफिट, मिळत असेल तर ८१२. आधीचं कर्ज असेल तर सगळं मिळून १,५०० च्या वर जाता येत नाही. स्वतःची बचत १,००० पौंडांवर असेल तर वरच्या रकमेइतकं कर्ज कमी होतं, पण ६३ वर्षं आणि त्यापुढच्यांना ही मर्यादा २,००० ची आहे. माझे तिकिटाचे ६०० त्यात आरामात बसले. फर्निचर, घरातल्या वस्तू, कपडे, घर बदलणं, अंत्यविधी अशा ठरावीक कारणांसाठीच मिळतं. त्यासाठीचा फॉर्म एसएफ ५००. मी तो बेनच्या नातवाला समोर बसवून भरला.

३४८ मागता आले असते. बेन म्हणाली, "जितना मिले उतना ले लो." मी ३०० च मागितले. तीन आठवड्यांच्या आत होकाराचा मेसेज आला. मशीन २३९, आणून बसवायचे २५, जुनं उचलून न्यायचे २०. उरलेल्या १६ पौंडांतून बासमतीची पिशवी आणि तूरडाळ आणली. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता फेडीबद्दल. व्याज शून्य. ३०० घेतले तर ३०० च फेडायचे आणि जास्तीत जास्त १०४ आठवड्यांत. हप्ता भरायला कुठे जावं लागत नाही, भत्त्यातूनच कापून घेतात. मला आठवड्याला ६ पौंड ठरले होते. मी मनात म्हटलं, सहाच ना, दोन वेळची भाजी. पण माझे पैसे येतात चार आठवड्यांचे एकदम, तेव्हा एका फटक्यात २४ कमी आले. हिशेब साधाच होता, माझ्याच डोक्यात शिरला नव्हता. बँकेत काय कापलं ते दिसत नाही, नुसती उरलेली रक्कम दिसते. म्हणून ते कॅलेंडर.

कारखान्यात आम्ही बायका भिशी लावायचो. भिशीचा हप्ता पर्समधून काढताना हाताला कळतो. नसतील पैसे तर मैत्रिणीला म्हणता येतं, या खेपेला तू भर, पुढच्या खेपेला मी. इथे हप्ता चुकायची भीती नाही, पण चुकवायची सोयही नाही. आधी सरकारचं, मग गॅसचं, मग पोटाचं, हा क्रम त्यांनी लावलेला.

जानेवारीत थंडी वाढली. घर गरम ठेवायच्या इंधनाचे सरकारी २०० पौंड त्या वर्षी पेन्शन क्रेडिटवाल्यांना मिळाले होते, ते मीटरनं कधीच गिळले होते. संध्याकाळी सहानंतर हीटर बंद करून शाल पांघरून बसायची. तीन हप्ते गेल्यावर, म्हणजे ७२ फिटल्यावर, फोन केला आणि हप्ता कमी करून मागितला. पलीकडच्या बाईंनी गॅस, वीज, खाणं, फोन असा सगळा खर्च विचारला. मी कॅलेंडर बघून सांगत गेले. हप्ता साडेतीन पौंडांवर आला, म्हणजे चार आठवड्यांना १४. माझ्या मते या योजनेतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच, आणि ती कुणी आपणहून सांगत नाही. मागायची आपली लाज तेवढी बाजूला ठेवावी लागते. मी ती तीन हप्ते ठेवली नाही.

त्यानंतर १२ हप्ते झाले. १० पौंडांचा फरक कागदावर काही नाही. मीटरवर तो एका आठवड्याची संध्याकाळची ऊब होती.

माझी तक्रार कापण्याबद्दल नाही. घेतलं ते फेडायचंच. पण ज्या रकमेला स्वतःच किमान म्हणायचं, त्यातूनच कापायचं, हे मला १४ महिन्यांत पटलेलं नाही. किमानाच्या खाली जे काही असतं त्याला काय म्हणायचं?

कामाच्या वयाच्या लोकांना हे लोन आता मिळत नाही. त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कामाच्या वयातल्यांच्या भत्त्यामधला बजेटिंग अ‍ॅडव्हान्स. रकमा त्याच, पण अट वेगळी: आधीच्या सहा महिन्यांत एकट्याची कमाई २,६०० पौंडांपेक्षा कमी हवी. माझी भाची त्यात आहे. तिच्या मूळ भत्त्यातून पूर्वी सगळी कापाकापी मिळून २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होती, ३० एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १५ टक्के झाली. तिला त्याचा फरक पडला.

घ्यायचंच असेल तर एका ठरलेल्या वस्तूसाठी घ्या, आणि अर्ज करायच्या आधी हप्त्याला चारनं गुणून बघा. हप्ता जड वाटला तर पहिल्याच खेपेला फोन करा. आणि अर्धं फिटल्यावर "अजून मिळतंय" म्हणून लगेच पुन्हा अर्ज करू नका. बेननं तसं केलं. तिच्या कॅलेंडरवर आकडा असता तर तो गेली कित्येक वर्षं वर-खाली होत राहिलेला दिसला असता.

मशीन उत्तम चाललंय. पिळताना थोडं पुढे सरकतं, खाली पुठ्ठा घातलाय. राहिलेले ६० जूनअखेर फिटतील. तिकिटाचे पैसे अजून शाबूत आहेत. दादा रविवारी फोनवर खोकत होता, पण बोलला भरपूर.

फ्रिजच्या दाराचं रबर सुटलंय. सध्या चिकटपट्टी लावलीय. जूनपर्यंत टिकलं तर बरं.