चंदेरी रंगाच्या चार बाटल्या आणि वाया गेलेलं मिग-२१

बाबांनी मी केलेलं विमानाचं मॉडेल हातात घेतलं, पंखावरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा माझ्यासमोर धरला. चंदेरी झाला होता. "अरे, हा गेटला लावायचा रंग आहे," ते म्हणाले. रंग देऊन तेव्हा चार दिवस उलटले होते.

बाबा ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात होते. नाशिकचा तो कारखाना १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठीच उभा राहिला आणि बाबा विशीतच तिथे फिटर म्हणून लागले. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने चंदीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, तो सोहळा त्यांनी टीव्हीसमोरून न हलता पाहिला. त्याच रात्री मी ठरवलं, त्यांच्या पंचाहत्तरीला मिग-२१ एफएल या प्रकाराचं १/४८ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं, प्लास्टिकचं मॉडेल करून द्यायचं. तेही सुरुवातीच्या वर्षांतलं, उघड्या पत्र्याचं. हिरवा रंग फक्त नाकाच्या शंकूला आणि शेपटीच्या टोकाला.

उघड्या पत्र्याचं विमान करताना लपवायला जागाच नसते. दुसऱ्या रंगाखाली खपून जाणारा केसाएवढा ओरखडा चंदेरीखाली ठसठशीत दिसतो. म्हणून जोड भरायचे, २००० आणि मग ४००० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासायचं, त्यावर चकचकीत काळा रंग मारून तो पुरता वाळू द्यायचा आणि मग एअरब्रशचा, म्हणजे रंग फवारायच्या पेनाचा, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआयवर आणून चंदेरीचे धुक्यासारखे पातळ हात द्यायचे. शिवाय सगळं विमान एकाच चंदेरीत रंगवलं तर खेळण्यासारखं दिसतं. खऱ्या विमानाच्या पत्र्यांच्या छटा वेगवेगळ्या असतात, इंजिनाच्या मागच्या तोंडाशी तर धातू तापून काळपट, तपकिरी झालेला असतो. त्यासाठी मला चार छटा हव्या होत्या. नुसत्या घासकामात माझे तीन आठवडे गेले होते.

रंग एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळाला. परदेशी लेबलच्या ३० मिलीच्या चार बाटल्या, ८५० रुपयांना एक. दुकानापेक्षा फार स्वस्त नव्हत्या, त्यामुळे संशय आला नाही. आता वाटतं, भाव विकणाऱ्याने मुद्दामच तसा लावला असणार. "सर, ओरिजिनल माल आहे, सीलबंद," असं म्हणत त्याने एक व्हिडिओ पाठवला. बाटली हलवली, पुढच्या क्षणी हातात रंगवलेला प्लास्टिकचा चमचा. आरशासारखा. त्यात खोलीतला पंखासुद्धा दिसत होता. आम्ही मॉडेल करणारे सगळेच रंग आधी चमच्यावर करून पाहतो, त्यामुळे मला तो माणूस आपल्यातलाच वाटला. ३,४०० रुपये यूपीआयने पाठवले. समोर आलेलं नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. विचारलं तर म्हणाला, "भावाचं खातं आहे, सर."

बाटल्या आल्या. सील म्हणजे झाकणाभोवती गरम हवेने आवळलेलं साधं प्लास्टिक होतं. झाकण उघडताच नाकात शिरला तो फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांकडे येतो तो एनसी थिनरचा उग्र वास. मॉडेलच्या काही चांगल्या रंगांनाही लॅकरचा वास असतो, म्हणून मी मनाची समजूत घातली. वेगळ्या चमच्यावर करून बघायचंही टाळलं, कारण चमचा तर त्याने दाखवलाच होता. माझी मोठी चूक ही.

पहिला हात सुंदर दिसला. दुसऱ्या हातानंतर पोटाकडचे रिव्हेट दिसेनासे झाले. मला वाटलं रंग जाड बसला. भिंग घेतलं तर काळ्या थरावर जाळीसारख्या चिरा पडल्या होत्या आणि पॅनेलच्या रेषांच्या कडा मेणासारख्या ओघळल्या होत्या. नख टेकवलं, तर तिथे नखाची खूण उमटली. थिनरने काळा रंग ओलांडून खालचं प्लास्टिक विरघळवलं होतं. रंग खरवडून काढता येतो, विरघळलेला रिव्हेट परत आणता येत नाही.

बाबांचं म्हणणं बरोबर होतं. गेट, खांब, टाक्या यांना लावतात त्या रंगातली अ‍ॅल्युमिनियमची पूड वरच्या थरात तरंगून येते आणि तिथे पत्र्यासारखी पसरते. म्हणूनच तो ताजा असताना इतका झळकतो. पण पूड वरच बसलेली असल्यामुळे बोटाला लागते आणि त्यावर वार्निश मारलं की झळाळी जाऊन राख फासल्यासारखा दिसतो. शेपटीवर मी वार्निश मारलं होतं, तिथे नेमकं हेच झालं. शिवाय तिचे कण मोठे. ५० मायक्रॉनचा कण ४८ पटींनी मोठा केला तर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा होतो. खऱ्या विमानाच्या अंगावर एवढाली टिकली कुठे असते? मॉडेलच्या चांगल्या रंगातली पूड याहून कितीतरी बारीक असते, म्हणून तो सलग धातूसारखा दिसतो.

चमच्याचा उलगडा दोन महिन्यांनी एका बारशात झाला. आइस्क्रीमच्या वाटीत केटररने जो चमचा दिला, तो तोच होता. कारखान्यातच चंदेरी मुलामा चढवलेला, फेकून द्यायचा प्लास्टिकचा चमचा. घरी येऊन व्हिडिओ पुन्हा पाहिला. चमचा पुढून, मागून, दांड्याच्या टोकापर्यंत सारखा चमकत होता. हाताने रंगवलेल्या चमच्याला धरायची जागा कोरी राहते, ती कुठेच नव्हती.

विकणाऱ्याला लिहिलं तर त्याने आधी "तुमचा एअरब्रश नीट नाही" असं सांगितलं आणि मग ब्लॉक केलं. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, यूपीआयची पावती आणि व्हिडिओ जोडला. पैसे अजून आलेले नाहीत. उशीर मीच केला होता. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, मी तोपर्यंत त्याच्याशी वाद घालत बसलो होतो.

त्या ग्रुपवर आता त्याच माणसाचा नंबर बदलला आहे, व्हिडिओ मात्र तोच फिरतो आहे. कुणाला आला, तर विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि तुमच्यासमोर पांढऱ्या चमच्याचा अर्धाच भाग रंगवायला सांगा. मग तो वाळल्यावर त्यावरून बोट फिरवून दाखवायला सांगा. आणि बाटली हातात आली तरी पहिला थेंब किटमधले सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले असतात तिच्या उरलेल्या तुकड्यावर टाका, रात्रभर ठेवा, सकाळी नख लावून बघा.

दुसरं किट आणलं आहे. या वेळी रंग दुकानात जाऊन, बाटली हातात घेऊन आणला. घासकाम बाबा करतायत. पेपर पाण्यात बुडवून पंखाच्या कडेला धरतात आणि डोळे मिटून बोटानेच ओरखडा शोधतात.