१९७० ची एमजीबी घरीच सांभाळताना : चौदा महिन्यांचा अनुभव

गाडी घेऊन चौदा महिने झाले. तेवढ्यात ती ४,२०० मैल चालली. १९७० ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ग्लेशियर व्हाइट रंग, १७९८ सीसी इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. टायर आणि थोडं वेल्डिंग सोडलं तर एकही काम बाहेर दिलेलं नाही. अशी गाडी घरी सांभाळता येईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितो.

आम्ही इंग्लंडमध्ये डिडकॉटला राहतो. ही गाडी जिथे तयार झाली ते ॲबिंग्डन इथून वीस मिनिटांवर. एमजी तिथे १९२९ मध्ये आली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी त्या कारखान्यातून बाहेर पडली. १९६२ पासून तोवर पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या होत्या, आणि घरी काम करणाऱ्याला याच आकड्याचा सगळ्यात मोठा आधार आहे. एवढ्या गाड्या बनल्यामुळे आजही जवळपास प्रत्येक पार्ट मिळतो. अख्खं नवं बॉडीशेलसुद्धा इथल्याच विटनी गावात तयार होतं.

पहिल्या दिवशी बॉनेट उघडलं आणि कोल्हापूरला मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामाने तीस वर्षं ॲम्बॅसेडर टॅक्सी चालवली, तिचं सगळं काम स्वतःच्या हाताने केलं. त्याने मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि म्हणाला, "आरं, हे तर आपल्याच गाडीचं इंजान हाय की!" बरोबर होतं त्याचं. ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि हे इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं. टॅपेट कव्हर, साइडचा डेल्को (प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर), मॅनिफोल्डची बाजू, सगळं त्याच्या ओळखीचं. त्या दिवसापासून आमच्या गॅरेजला एक मिस्त्री मिळाला.

घेताना मी इंजिनाकडे कमी आणि पत्र्याकडे जास्त वेळ बघितलं, आणि नवीन घेणाऱ्यालाही हेच सांगेन. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. दरवाजाखालचे सिल हाच तिचा कणा, आणि रोडस्टरला वर छप्पर नसल्यामुळे सगळा भार त्यांच्यावर. सिल एका पत्र्याचं नसतं, आतबाहेर तीन थर असतात. बाहेरचा थर नवा बसवून आतला गंजका तसाच ठेवलेल्या गाड्या विकायला येतात. मी मालकाच्या परवानगीने गाडी बाजूने जॅकवर उचलली आणि दरवाजा उघडून बघितला. गाडी मधून वाकत असेल तर दरवाजा अडकतो. माझा सहज उघडला. डाव्या पुढच्या विंगवर (मडगार्डवर) लोहचुंबक चिकटेना, म्हणजे तिथे लांबी (पुटी) भरलेली होती. ती मी मान्य केली, कारण विंग नटबोल्टची आहे, कधीही बदलता येते. पुढच्या चाकामागे, विंगच्या आत चिखल साचतो आणि तिथूनच सिल कुजायला लागतं. मी वर्षातून दोनदा तिथला चिखल पाण्याने धुऊन काढतो, सिलची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करतो आणि वाळल्यावर आत मेण फवारतो.

आता ग्रीस. मला विचाराल तर या गाडीचं आयुष्य ग्रीस गनवर आहे. पुढच्या दोन्ही चाकांच्या सांध्यांना तीन-तीन निप्पल, म्हणजे ग्रीस भरायच्या छोट्या तोट्या, दर ३,००० मैलांना ग्रीस द्यायचं. काम अर्ध्या तासाचं, पण आधीच्या मालकाने उजवीकडचं सगळ्यात खालचं निप्पल बहुतेक वर्षानुवर्षं चुकवलेलं. गन लावली की ग्रीस आत न जाता बाजूने बाहेर यायचं. निप्पल काढलं तर आतलं जुनं ग्रीस मेणबत्तीसारखं घट्ट, काळंभोर. बारीक तारेने कोरून काढलं, गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवलं. सकाळी दोन्ही चाकं जमिनीपासून उचलून, म्हणजे सांध्यावर वजन न ठेवता, नवीन निप्पल लावून गन दाबली. आधी तपकिरी पाणी आलं, मग काळा लगदा, आणि दहाबारा वेळा दाबल्यावर चारी बाजूंनी स्वच्छ नवीन ग्रीस. स्टिअरिंग त्याच दिवशी हलकं झालं. हे दृश्य बघायला मी मुलीला हाक मारून बोलावलं होतं.

सर्वांत जास्त शिकवलं ते जूनमधल्या बिघाडाने. वाँटेजच्या रस्त्यावर, चांगली तासभर चालून गरम झालेली गाडी मिसिंग करायला लागली आणि बंदच पडली. वीस मिनिटं थांबलो, पुन्हा सुरू. पुढच्या आठवड्यात तसंच. इग्निशन चालू केल्यावर मागचा पेट्रोल पंप टकटक करायचा आणि प्रेशर भरल्यावर थांबायचा, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. मी कार्ब्युरेटरवर संशय घेतला. दोन रविवार घालून दोन्ही एसयू खोलले, पिस्टन पुसले, दोन्ही सारख्याच आवाजात खाली बसतात का ते पाहिलं, वरच्या डॅशपॉटमध्ये तेल भरलं. त्यांच्यात काही दोष नव्हता. गाडी तिसऱ्यांदा बंद पडली.

त्या रात्री मामाला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "कार्ब्युरेटरला आता हात लावू नगंस. डेल्कोचं टोपण काढ, लाइट बंद कर आणि पोरीला सेल्फ मारायला सांग." गाडी पुन्हा चालवून गरम केली, गॅरेजमधला दिवा घालवला, मुलीने चावी फिरवली. डेल्कोतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे दोन संपर्क, उघडायचे तेव्हा त्यांच्यामध्ये पांढरीनिळी ठिणगी फुलत होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. मोबाइलवर ते बघून मामाने एकच शब्द म्हटला, "कंडेन्सर." पॉइंट उघडताना जो करंट उडी मारू बघतो तो कंडेन्सरने झेलायचा असतो. कंडेन्सर गरम होऊन बाद झाला की ठिणगी पॉइंटवरच संपते, प्लगपर्यंत जोर पोचत नाही. थंड झाला की पुन्हा चालतो, म्हणूनच ती वीस मिनिटं.

नवीन कंडेन्सर मागवला, सहा आठवड्यांत तोही तसाच गेला. सध्या बाजारात येणारे कंडेन्सर आणि डेल्कोत फिरणारे रोटर भरवशाचे नसतात, हे या गाड्या वापरणारे सगळेच सांगतात. शेवटी गल्लीतल्या एका आजोबांनी त्यांच्या पत्र्याच्या डब्यातला, न वापरलेला जुना दिला. तो नऊ महिने चालतोय. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचा सल्ला अनेकांनी दिला, पण मी पॉइंटच ठेवलेत. ते बिघडले तर रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करता येतात. एक कंडेन्सर, एक रोटर आणि पॉइंटचा एक सेट डिकीत कायम असतो.

पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि थंड इंजिनावर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फटही पंधराच थाऊ, त्यामुळे फिलर गेजचं एकच पातं दोन्हीकडे चालतं. आठ व्हॉल्व्ह असल्यामुळे नऊच्या बेरजेचा हिशोब लक्षात ठेवायचा: आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा. टॅपेटचा थोडा आवाज राहू द्यावा. टाइट राहिलेला टॅपेट बिनआवाजाचा असतो, पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

पाने इंची घ्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खातो. माझे दोन नट असेच गेले. ७/१६, १/२ आणि ९/१६ एवढ्या तीन रिंग पान्यांवर बहुतेक कामं होतात. इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५०, साधारण सव्वाचार लिटर, मी ३,००० मैलांना बदलतो. ऑइल प्रेशरच्या काट्यावर माझी कायम नजर असते: रस्त्यावर पन्नास पीएसआयच्या वर, गरम इंजिन आयडलवर असताना दहा ते पंचवीसच्या मध्ये.

सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, झालं. त्यातल्या इथेनॉलने जुने रबरी पाइप मऊ होऊन फुटतात. कार्ब्युरेटरजवळचा पाइप फुटला तर पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडू शकतं, कारण दोन्ही एकाच बाजूला आहेत. म्हणून घेतल्याच्या आठवड्यातच सगळे पाइप इथेनॉल चालणारे घातले आणि महाग पडलं तरी कमी इथेनॉलचं सुपर पेट्रोलच भरतो. ज्याने अजून पाइप बदलले नाहीत त्याने बाकी काही करायच्या आधी हे करावं.

वरचं कापडी हुड जोराच्या पावसात कोपऱ्यातून गळतं, हीटर कोमट आहे, आणि सीटमागच्या खड्ड्यात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्या काढताना कंबर धरते. डावा पुढचा लिव्हर शॉक ॲब्सॉर्बर गळत होता, दुरुस्त केलेला बदली मिळाला. पार्ट आणि तेलपाणी मिळून चौदा महिन्यांचा खर्च, टायर आणि वेल्डिंग सोडून, साडेसातशे पौंडांच्या आत आहे.

चाळीस वर्षांवरची, मोठे फेरफार न केलेली गाडी इथे रोड टॅक्समधून सुटते आणि मे २०१८ पासून एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का याची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. मी तरी दरवर्षी करून घेतो. ब्रेक मी स्वतः उघडतो, म्हणूनच दुसऱ्या कोणीतरी ते बघायलाच हवेत. मुलगी शेजारी बसते.

त्याच तपासणीत यंदा उजव्या किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्यात, थोडा खेळ सापडला. तेच निप्पल. आत गेलेलं नवीन ग्रीस झिजलेलं बुश भरून काढू शकत नाही. नवीन बुश बसवल्यावर मापात रीमर (भोक कोरून नेमकं करायचं हत्यार) मारावा लागतो, तो माझ्याकडे नाही आणि चुकला तर स्टिअरिंगचा प्रश्न आहे. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये दोन्ही बाजूंचे सांधे काढून तयार करायला पाठवेन. काढायचं आणि बसवायचं काम घरीच. मामा डिसेंबरात येतोय, बसवायला तो असेल.